विश्रांतीवर ठेवलेले यंत्र

या प्रकरणात मला एका प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवायचे आहे. आमच्या लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या घरात जो जुना संगणक माझ्या वडिलांच्या आवाजाची जागा घेऊन बसला होता, तो नेमका कशाने बंद पडला? वयाने, दमट हवेने, की आम्ही त्याला विश्रांती दिल्याने? प्रश्न किरकोळ आहे, हे मला मान्य आहे. तसला संगणक आज कोणी भंगारातही घेणार नाही. पण आयुष्यभर मुलांना गणित शिकवल्यावर एक खोड अंगात मुरली आहे: उत्तर ठाऊक आहे असे वाटले तरी रीत लिहून दाखवल्याशिवाय ते धरायचे नाही. आता हात लवकर थकतात आणि डोळे त्याहून लवकर, म्हणून ही रीत मांडून टाकते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. मावळातल्या एका खेड्यात ते प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. तिथे चारही इयत्ता एकाच खोलीत बसत आणि अण्णा एका भिंतीपाशी उभे राहून चारही वर्गांना पुरेल असा आवाज लावत. तो आवाज घशाच्या आजारात गेला. पुण्याच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करून त्यांची स्वरपेटी काढली आणि गळ्याच्या खालच्या खळगीत श्वासासाठी एक छिद्र ठेवले. त्यावर आई रोज धुतलेल्या मलमलीची पट्टी बांधी. श्वास नाकातून जातच नसल्यामुळे त्यांना वासही येईनासा झाला होता. आवाज गेला हे सर्वांना दिसत होते. वास गेला हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळले. दूध उतू जाऊन करपले, घरभर धूर झाला, आणि अण्णा तिथेच शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसले होते, तेव्हा.

कान मात्र शाबूत होते, आणि नेमके हेच लोकांच्या लक्षात राहत नसे. भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांच्याशी मोठ्याने, शब्द तोडून बोले. शेजारच्या बंगल्याची राखण करणारे काका फाटकातूनच ओरडत, "गुरुजी, बरं हाय का आता?" अण्णा मान हलवत. ती एक ठरावीक मान होती, हळू, दोनदा, नजर दुसरीकडे. काका गेले की ते पाटीवर लिहीत, 'मी बहिरा नाही,' आणि ती पाटी मला दाखवत; काकांना त्यांनी ती कधीही दाखवली नाही.

पाटी शाळेतलीच होती, लाकडी चौकटीची. ती असताना संगणकाची गरज काय, असे वाचकाला वाटेल, म्हणून आमच्या घराची रचना सांगायला हवी. घर लांबट होते: पुढे बाहेरची खोली, मग मधली, आणि पार मागे स्वयंपाकघर. आईचा दिवस मागे जाई, अण्णांचा पुढे. पूर्वी अण्णा पुढच्या खोलीत बसूनच तिच्याशी बोलत, आणि ती फोडणीच्या आवाजावर आवाज चढवून उत्तर देई. त्यांचा निम्मा संसार असा दोन खोल्यांच्या अंतरावरून चालला होता. आता अण्णा पेन्सिलीने पाटी वाजवत, आई हात पुसत पुढे येई, वाचे आणि म्हणे, "एवढंच व्हय?" तिच्या बोलण्यात राग नसे. तव्यावर भाकरी असे, इतकेच. पण अण्णांनी एकेक गोष्ट कमी करत आणली. विनोद सर्वांत आधी गेला, कारण विनोद सांगण्यासाठी कोणी बायकोला चुलीपुढून उठवत नाही. मग तक्रारी गेल्या, मग चौकशा. शेवटी पाटीवर फक्त 'पाणी' आणि 'औषध' उरले. माझ्या वडिलांचे बोलणे असे आमच्या डोळ्यांसमोर आटत होते आणि घरात कोणी तो विषय काढत नव्हते.

मी त्या काळात सकाळी एका शाळेत तासिकेवर शिकवत असे आणि दुपारनंतर तळेगावला संगणकाच्या वर्गाला जात असे. आईचे माहेर तळेगावजवळच्या आंबीचे. तिचा भाऊ, सोपानमामा, शेती सांभाळून तिथल्याच एका कारखान्याच्या गोदामात कामाला होता. कारखान्याने नवे संगणक घेतले तेव्हा जुने काय करायचे हा प्रश्न मामाच्या गोदामात येऊन पडला, आणि एका रविवारी तो टेम्पो घेऊन आमच्या दारात आला.

"मंगल, धर गं खालनं. लय जड हाय. सायब म्हनले भंगारात घाला. मी म्हनलो, आमची भाची त्यातलंच शिकतीया, तिला तरी दिऊ."

आईने दारातून विचारले, "चालतंय का पर?"

"चालत असतं तर मला दिलं असतं व्हय, आक्का?"

टेम्पोतून दोन वस्तू उतरल्या. एक संगणक, पडदा आणि कळफलकासह. दुसरी वस्तू म्हणजे नुसताच एक पडदा, काळ्यावर हिरवी अक्षरे दाखवणारा. त्याला स्वतःचे डोके नव्हते. तारेने दुसऱ्या यंत्राला जोडले, की ते यंत्र सांगेल ते दाखवायचे, एवढेच त्याचे काम. पूर्वी कारखान्यांत एका मोठ्या यंत्राला असे अनेक पडदे जोडत. मामाने तो 'शोभंला ठिवा' म्हणून टेम्पोत टाकला होता.

त्या संगणकाची स्मृती इतकी तोकडी होती की त्या वेळी सर्वत्र वापरली जाणारी प्रणाली त्यात मावतच नव्हती. आमच्या वर्गातील सरांनी मला लिनक्सविषयी सांगितले. ज्यांना हे नाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही युनिक्सच्या घराण्यातील प्रणाली. ती कोणालाही उतरवून घेता येते, आणि चित्रे, खिडक्या वगैरे नटवेपणा वगळला तर अगदी दुबळ्या यंत्रावरही निमूटपणे चालते. तिचा दुसरा गुण असा की एकाच यंत्रावर अनेक माणसांनी आपापल्या पडद्यासमोर बसावे, हे तिने पहिल्यापासून गृहीत धरलेले असते. मला मामाने शोभेला आणलेला तो हिरवा पडदा आठवला.

ही प्रणाली मी वर्गातून फ्लॉपींवर उतरवून आणली. फ्लॉपी म्हणजे चौकोनी आवरणातली पातळ चकती. आताच्या मुलांना ती दाखवली तर ती हातात फिरवून पाहतात आणि परत देतात. प्रणाली पूर्ण उतरायला अशा फ्लॉपींची चवड लागे आणि त्यांतील एक जरी बिघडली तरी सारे पुन्हा पहिल्यापासून. लोणावळ्याच्या हवेत त्या फार बिघडत. आवरण सरकवून पाहिले की चकतीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसत, जसे ते चपलांवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर दिसतात. तळेगावहून आणायच्या, एखादी बिघडलेली निघायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायची. मी कंटाळून त्या टेबलावर पसरून ठेवत असे. आईने एकदा आवराआवर करताना त्यांतल्या तीन-चार उचलल्या आणि उडदाच्या पापडांच्या डब्यात टाकल्या. तो डबा शेगडीच्या वरच्या फळीवर असे, काडेपेटी आणि मिठाच्या बरणीशेजारी. आमच्याकडे पावसाळ्यात जे जे मऊ पडते ते त्या फळीवर राहते. मी हरकत घेतली नाही. टेबलावर तेवढी जागा झाली.

एका दुपारी यंत्र चालू झाले. तार मी मधल्या खोलीच्या चौकटीवरून, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या कडेने, स्वयंपाकघरात नेली. ताटांच्या फळीवर हिरवा पडदा बसवला. मग दोन-तीन ओळींची एक आज्ञावली लिहिली: अण्णांनी पुढच्या खोलीत ओळ लिहून कळ दाबली, की ती मागच्या पडद्यावर उमटावी आणि तिथे 'टुक' असा आवाज व्हावा. त्या ओळी यंत्राच्या पोटात सतत फिरणाऱ्या डिस्कवर साठूनही राहाव्यात, अशी सोय मी आपणहून केली.

अडचण एकच होती. त्या पडद्याला रोमन अक्षरांखेरीज काही येत नव्हते, आणि आई चौथी शिकलेली. अण्णांनी जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे मोठी अक्षरे काढली, प्रत्येकाखाली मराठी उच्चार लिहिला आणि तो कागद गॅसच्या वर चिकटवला. आई पीठ मळता मळता अक्षरे लावी. पहिल्या दिवशी टुक झाले तेव्हा ती दचकली.

"आगं, ही पाल चुकचुकल्यावानी काय वाजतंय?"

"अण्णा बोलताहेत," मी म्हणाले. "वाच."

ती कागदाकडे आणि पडद्याकडे पाहत बराच वेळ अक्षरे लावत राहिली. अण्णा पुढे खुर्चीच्या कडेवर बसले होते. शेवटी ती मोठ्याने म्हणाली, "च-हा-त सा-ख-र ना-ही. आवो, मग आदी का न्हाई सांगितलं? कवाचा दिलाय त्यो." पुढच्या खोलीतून खुर्ची करकरल्याचा आवाज आला. अण्णा हसत तेव्हा त्यांचे खांदे हलत आणि खुर्ची वाजे; हसण्याचा तेवढाच आवाज त्यांच्यापाशी उरला होता.

त्यानंतरचे वर्ष-सव्वा वर्ष माझ्या आठवणीत फक्त आवाजांचे आहे. पुढे एका बोटाने दाबलेल्या कळा, मागे टुक, मग आईचे उत्तर, मग पुन्हा कळा. आई त्या पडद्याला पालच म्हणू लागली. एखादे दिवशी अण्णा लिहीत, 'आज भाजी कोणती?' आई ओरडून सांगे, "अंबाडी." टुक. 'पुन्हा?' "पुन्हा न्हाई, तिसऱ्यांदा. मोजायला येतंय न्हवं तुमाला?" खुर्ची करकरे. बोलणे साधेच होते. मला ते कामावरून आल्यावर कानावर पडे आणि अंगातला शिणवटा थोडा उतरे.

त्यांतला एक प्रश्न मात्र रोजचा होता. स्वयंपाक निम्म्यावर आला की टुक होई आणि पडद्यावर ओळ येई: 'आज वास कसला?' सुरुवातीला आई एका शब्दात सांगे, "लसणीचा," "भाताचा." पण अण्णांचे तेवढ्यावर भागत नसे. 'कसा?' असे ते पुन्हा विचारत. मग ती थांबून वास घेई आणि विचार करून सांगे, "आदी उग्र येतुया, नाकात जातुया. मग गोडूस हुतो." वास कसा असतो हे तिला कोणी आयुष्यात विचारले नव्हते. तिचे सांगणे हळूहळू नेमके होत गेले. अण्णा पुढे डोळे मिटून ऐकत.

हे सारे चालू ठेवायचे काम माझे होते आणि ते कंटाळवाणे होते. आमच्याकडे वीज वारंवार जाई. अचानक बंद पडलेले यंत्र पुन्हा सुरू होताना स्वतःची तपासणी करत बसे, आणि कधी मध्येच अडून माझी वाट पाही. मी दोन नोकऱ्यांसारखी दोन कामे उरकून घरी येई, आणि चप्पल काढायच्या आत अण्णा यंत्राकडे बोट दाखवत. मी करत असे. थकवा सांगण्यासारखा नव्हता. कोणी आजारी असलेल्या घरात तो सगळ्यांनाच असतो. एवढे खरे, की वीज असेपर्यंत ते यंत्र आम्ही कधीच बंद करत नव्हतो, कारण चालू करणे जिकिरीचे होते. त्याची पेटी नेहमी कोमट असे. पावसाळ्यात आमच्याकडे शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर कपडे वाळवतात. आईने ते पाहून अण्णांच्या मलमलीच्या पट्ट्या त्या पेटीवर वाळत घालायला सुरुवात केली. छान वाळत.

पुढच्या पावसाळ्यात अण्णांना खोकला धरला. गळ्याच्या छिद्रातून थेट आत जाणारी दमट हवा त्यांना मानवत नव्हती. डॉक्टर म्हणाले, श्रावण लागेपर्यंत कमी पावसाच्या ठिकाणी ठेवा, पूर्ण विश्रांती द्या. मामाचे आंबी घाटापासून दूर, तिथे पाऊस निम्माही नाही. जायचे ठरले.

तुंगार्लीत घर बंद करण्याची एक रीत आहे. आमच्याभोवती पुष्कळ बंगले होते आणि त्यांचे मालक पावसाळ्यात नसत. राखणदार प्रत्येक वस्तू प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून, आत डांबराच्या गोळ्या टाकून सुतळीने बांधून ठेवत. तीच रीत आमच्यासारख्या घरांनीही उचलली होती. गाद्या, पुस्तके, रेडिओ, शिलाई यंत्र, सगळे असेच बांधले जाई. त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून तेच केले. अण्णांनी बसून एक शेवटची ओळ लिहिली, 'चल, निघू.' आई आतून म्हणाली, "आले." मी प्रणाली क्रमाने, नीट बंद केली. पेटी अजून कोमट होती. आम्ही ती दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळली, हिरवा पडदाही गुंडाळला, उरलेल्या फ्लॉपी पिशवीत घालून बांधल्या. अण्णांनी सुतळीची गाठ स्वतः मारली आणि ओढून पाहिली. काळजी घेतल्याचे समाधान आम्हा तिघांनाही होते.

आंबीत अण्णांची बडदास्त उत्तम ठेवली गेली. मामाने ओसरीवरची कोरडी जागा पाहून खाट टाकली. येणारा-जाणारा तिथे थांबून मोठ्याने म्हणे, "अण्णा, पडून ऱ्हावा. आराम करा. काय लागलं तर हात करा नुसता." चहा न मागता येई, पाणी न मागता येई. मामी चांगली होती, शेजारी चांगले होते. घर माणसांनी भरलेले आणि सतत बोलते. अण्णांना काही विचारावे लागत नव्हते आणि त्यांना कोणी काही विचारत नव्हते. पाटी पिशवीतून निघालीच नाही. खोकला बरा झाला. डॉक्टरांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी शनिवारी तिथे जाई तेव्हा अण्णा माझ्याकडे पाहून मान हलवत, हळू, दोनदा. ती मान मी ओळखत होते. पूर्वी ती फक्त परक्यांसाठी असे.

आईनेही ओळखली होती. एकदा ती खाटेच्या कडेला बसून हलक्या आवाजात म्हणाली, "हितं समदी बोलत्यात, म्हनून आपुन न्हाई बोललं तरी चालतंय, आसं वाटतंय का तुमाला? चला आता घरी. माझी पाल एकटी हाय तितं." अण्णांनी तिच्याकडे पाहिले आणि कूस बदलली.

श्रावणात आम्ही परतलो. घर उघडले, खिडक्या उघडल्या, सुतळ्या कापल्या. संगणकावरच्या प्लास्टिकला आतून पाण्याचे थेंब धरलेले होते. मी सगळे पुसून, दिवसभर उघडे ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी वीज दिली. स्वयंपाकघरातला हिरवा पडदा लगेच उजळला. संगणकानेही नेहमीप्रमाणे आपली स्मृती मोजली, आणि मग डिस्क फिरू लागल्याची जी लांब, चढत जाणारी घरघर यायची, ती आली नाही. नुसते 'टक्' झाले. थोड्या वेळाने पुन्हा 'टक्'. डिस्क सापडत नाही, असे त्याने लिहिले. मी ती काढून हलके ठोकून पाहिली, शेगडीजवळ धरून ऊब दिली, पुन्हा बसवली. टक्. पिशवीतल्या फ्लॉपी उघडल्या; त्या बुरशीने पांढऱ्या झाल्या होत्या. नव्याने प्रणाली उतरवायची तर नवी डिस्क हवी होती, आणि इतक्या जुन्या यंत्राला बसेल अशी डिस्क आता बाजारात मिळत नव्हती. सव्वा वर्षाच्या साठलेल्या ओळीही त्याच डिस्कवर होत्या.

अण्णा खुर्चीत बसून हे पाहत होते. मी जमिनीवर, उघड्या पेटीसमोर बसले होते. माझ्यात तेव्हा पुन्हा तळेगावच्या फेऱ्या घालण्याचे त्राण नव्हते आणि मी ते बोलून दाखवले. "अण्णा, हे आता माझ्याच्याने व्हायचं नाही."

त्यांनी मान हलवली. हळू, दोनदा, नजर खिडकीबाहेर. मला त्या क्षणी स्पष्ट कळले, की ही मान आता कायमची होणार. ते पाटी मागणार नव्हते. कोणाला उठवायचे नाही, लागेल तेवढेच मागायचे, मग तेही नाही, हा उतार आम्ही एकदा पाहिला होता आणि या वेळी मध्ये अडवायला काही नव्हते.

आई आतून म्हणाली, "मंगल, डब्यातल्या बघितल्यास का?"

"कुठल्या?"

"पापडाच्या. हायत त्यात तुझ्या चकत्या."

मी डबा उतरवला. फ्लॉपींना पिठाचा पांढुरका हात लागला होता आणि हिंगाचा, मिऱ्यांचा वास मारत होता. आवरण सरकवून पाहिले; आतली चकती स्वच्छ, काळी. त्यांतल्या एकीवर माझ्याच अक्षरात 'आणीबाणी' लिहिलेले होते. ती मी वर्गातल्या पुस्तकात सांगितले म्हणून करून ठेवली होती आणि कधी वापरली नव्हती. या एका फ्लॉपीवर प्रणालीचा सर्वांत लहान अवतार असतो. तो डिस्कला हात न लावता थेट स्मृतीत चढतो आणि तिथेच राहतो. दुरुस्तीपुरता.

"आई, हिच्यावर सगळं नाही येत," मी म्हणाले. "हिच्यात काही साठतही नाही. वीज गेली की सगळं विसरणार. जुनं तर गेलंच, नवंही राहणार नाही."

"मग इसरू दे की. बोलनं काय साठवायचं असतंय व्हय? काल काय बोललो ते मलाबी आटवत न्हाई."

मी फ्लॉपी घातली. यंत्र बराच वेळ कुरकुरत ती वाचत राहिले, एखादा म्हातारा माणूस जिना चढताना थांबत थांबत चढतो तसे. मग पडद्यावर, यंत्र आज्ञेसाठी तयार असल्याची, ती ओळखीची खूण आली आणि तिच्यापुढे लुकलुकणारी रेघ. माझी आज्ञावली डिस्कबरोबर गेली होती. मी ती आठवून पुन्हा लिहिली, साठवण्याचा भाग सोडून. आता ती आणखी लहान झाली. अण्णा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. मी खुर्ची सोडली.

ते लगेच बसले नाहीत. मलमल सारखी केली, मग बसले, कळफलकावरून बोट फिरवले आणि एकेक कळ दाबू लागले. मी मुद्दाम पाहिले नाही. आत टुक झाले. आईच्या हातातली पळी थांबल्याचे ऐकू आले, आणि मग तिचा आवाज, नेहमीसारखाच चढलेला, फोडणीच्या वर:

"पापडाचा. आनि तुमच्या त्या चकतीलाबी त्योच येतुया."

माझ्या मागे खुर्ची करकरली.

त्या दिवसापासून यंत्राला कालचे काही आठवत नसे. वीज गेली की कोरे. पण एक फरक पडला, जो मी तेव्हा हिशेबात धरला नव्हता. आज्ञावली एवढी छोटी झाली होती की अण्णांनी ती पाठ केली. वीज परतली की ते स्वतः फ्लॉपी घालत, कुरकुर संपेपर्यंत थांबत, ओळी लिहीत आणि बोलायला लागत. मी चप्पल काढून आत येई तेव्हा बोट दाखवायला कोणी नसे. पेटीवर मलमलीच्या पट्ट्या वाळत असत. अण्णा होते तोवर तो संगणक असाच चालला, आणि पुढच्या पावसाळ्यांत आम्ही आंबीला गेलो तेव्हा तो कोणी बांधला नाही. मामाने जीपच्या मागच्या बाजूला घालून बरोबर नेला, 'ह्ये बिऱ्हाड बरं हाय' असे दर वर्षी म्हणत.

आता उत्तर. वयाचा दोष मानता येत नाही, कारण यंत्र आमच्याकडे आले तेव्हाही म्हातारेच होते आणि त्यानंतर रात्रंदिवस चालले. दमटपणा होताच, फ्लॉपींवरची बुरशी त्याची साक्ष आहे. पण त्याच प्लास्टिकात, त्याच घरात बांधलेला हिरवा पडदा लागला, आणि संगणकाची बाकी सारी अंगेही लागली. अडली ती फक्त फिरणारी वस्तू, जी सव्वा वर्ष, वीज असेल तेव्हा, अखंड फिरत होती आणि जिला आम्ही कोमट असताना थांबवून गुंडाळून ठेवले. म्हणून माझे उत्तर तिसरे आहे: विश्रांती. निवृत्तीनंतर मी हे पडताळून पाहिले. ओळखीच्यांकडून दोन जुने, एकसारखे संगणक मागून आणले, दोन्हींवर तीच प्रणाली घातली, आणि तुंगार्लीच्या घरात एक पावसाळाभर एक उघडा आणि चालू ठेवला, दुसरा रीतीप्रमाणे बांधला. श्रावणात उघडले तेव्हा चालू ठेवलेला चालूच होता. बांधलेल्याची डिस्क फिरली नाही.

तरीही या प्रयोगात एक उणीव आहे, ती लपवणे योग्य होणार नाही. बंद ठेवणे आणि झाकून ठेवणे या दोन गोष्टी मी वेगळ्या केल्या नाहीत. न झाकता नुसता बंद ठेवलेला तिसरा संगणक हवा होता. तो मिळवून पुन्हा एक पावसाळा थांबण्याएवढी उमेद आता माझ्यापाशी नाही. म्हणून वाचकांना विनंती आहे. तुमच्या घरात जुना संगणक पडून असेल तर तो माझ्या सांगण्यावरून चांगला किंवा वाईट ठरवू नका. त्यावर ही हलकी प्रणाली घाला, पावसाळ्यात झाकू नका, बंद करू नका, रोज थोडे काम द्या. दुसरा मिळाला तर तो फक्त बंद ठेवा. आणि श्रावण लागल्यावर दोन्हींना वीज देऊन कान देऊन ऐका. माझे उत्तर चुकीचे निघाले, तर ते खोडून तिथे तुमचे लिहा.